देवळीचं शेण, समुद्राचं शेवाळ

समुद्रापासून दूर असलेल्या देवळीच्या कापूस-सोयाबीन पट्ट्यात गोबरगॅस नवा नाही. दोन घनमीटरच्या टाकीला रोज साधारण ५० किलो ताजं शेण लागतं. तेवढ्याच पाण्यात कालवलेला काला आत गेला, की साठणाऱ्या वायूने लोखंडी झाकण वर चढतं.

समुद्री शेवाळापासूनही असाच वायू निघतो. त्याच्या लागवडीला ना जमीन लागते, ना गोडं पाणी. हा फार मोठा फायदा. पण शेवाळातल्या मिठाने जिवाणू मंदावतात. गंधकामुळे कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाईड वाढतो आणि वायूवर चालणारं इंजिन गंजतं. शिवाय तमिळनाडूत क्रुसडाई बेटाजवळ लागवडीचं परदेशी कप्पाफायकस शेवाळ प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ मध्ये झाली. हे नुकसान सहज भरून येणारं नाही.

ओल्या शेवाळात ८० ते ९० टक्के पाणीच. ते देवळीपर्यंत आणायचं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहायचं, आणि उरलेली खारट स्लरी काळ्या जमिनीत ओतायची! इथे शेणच योग्य.

गळती मात्र दोन्हीकडे घातक. शंभर वर्षांच्या हिशेबात या वायूतला मिथेन कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २८ पट वातावरण तापवतो. नळीच्या सांध्यावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा आला, तर वायू तिथूनच निसटतोय.