पिकअपचे पाटे, ‘शॉकअप’ नेमके कधी बदलावेत?

लवासा (ता. मुळशी) : पिरंगुटहून मुठा गावाकडे वळलेला रस्ता टेमघर धरणाच्या बाजूने घाट चढतो आणि दासवे येथे, म्हणजे लवासाच्या मुख्य वसाहतीत उतरतो. पुण्यापासून हे अंतर साठ किलोमीटरच्या आतबाहेर आहे. या नगरीची प्रवर्तक कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बांधकामे थंडावल्याने अवजड वाहनांची वर्दळही ओसरली. तथापि येथे राहणाऱ्यांना आणि हॉटेलांना लागणारे दूध, भाजीपाला, गॅसच्या टाक्या आणि सिमेंटची पोती आजही घाट चढूनच येतात. हा भार वाहणाऱ्या पिकअपच्या मालकापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. गाडी खालून आवाज करते आहे. आताच खर्च करावा, की एवढा पावसाळा काढावा?

या प्रश्नाला किलोमीटरच्या हिशेबात उत्तर नाही. महामार्गावर धावणाऱ्या आणि मुळशीच्या पावसात खड्डे तुडवणाऱ्या दोन सारख्या गाड्यांचे भाग सारखे झिजत नाहीत. म्हणून वयापेक्षा लक्षणांकडे पाहावे लागते, आणि प्रत्येक भागाचे लक्षण वेगळे असते.

पिकअपच्या मागच्या बाजूस पोलादी पट्ट्यांची कमान असते. त्या पट्ट्यांना गॅरेजच्या भाषेत पाटे म्हणतात. टांग्याच्या काळापासून चालत आलेली ही रचना आजही टिकून आहे, याचे कारण ती साधी आहे आणि भार निमूटपणे सोसते. पाटे भार पेलतात. पण एकदा दबले की ते वरखाली झुलत राहतात. ते झुलणे आवरण्याचे काम शॉक अॅब्सॉर्बरचे, म्हणजे ‘शॉकअप’चे. हा फरक ध्यानात न घेतल्याने अनेकांचा खर्च चुकीच्या भागावर होतो. गाडी मागून बसली म्हणून शॉकअप बदलले, तर गाडी बसलेलीच राहते.

शॉकअपच्या नळीवर तेलाचा पुसट ओलावा दिसणे हे फारसे काळजीचे नाही. तेलाचे ओघळ उतरून त्यावर धुळीचा चिखल साचला असेल, तर मात्र तो निकामी झाला असे समजावे. बॉनेट दाबून सोडल्यावर गाडी एकदोन झोक्यांत थांबावी, ही कारसाठीची प्रसिद्ध चाचणी रिकाम्या पिकअपच्या मागच्या बाजूस उपयोगी पडत नाही. तेथील पाटे इतके ताठ असतात की माणसाच्या जोराने ते हलतही नाहीत. त्यापेक्षा टायर पाहावेत. रबर सलग न झिजता ठिकठिकाणी चट्ट्यांसारखे झिजले असेल, तर चाक रस्त्यावर उसळत असल्याची ती खूण असू शकते. उसळणाऱ्या चाकाची रस्त्यावरील पकड क्षणोक्षणी सुटते आणि ब्रेक लावल्यावर गाडी अधिक अंतर जाऊन थांबते. घाट उतरताना भार पुढच्या चाकांवर येत असल्याने हे अंतर मोलाचे ठरते. शॉकअप एका आसावरील जोडीनेच बदलावेत.

पाट्यांची पाहणी सपाट जागेवर, गाडी रिकामी करून करावी. दोन्ही बाजूंस चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. एक बाजू स्पष्टपणे बसलेली असेल, तर त्या बाजूचे पाटे दमले आहेत. तडे बहुधा मधल्या बोल्टच्या छिद्रापाशी किंवा टोकाच्या वळणापाशी जातात. माती घासून काढल्याशिवाय ते दिसत नाहीत. मुख्य पाट्याला तडा गेला असेल, तर त्या गाडीत भार भरूच नये. तो पाटा तुटल्यास आस जागेवरून सरकतो आणि वळणावर गाडी हाताबाहेर जाऊ शकते. बसलेले पाटे भट्टीत तापवून, ठोकून त्यांना पुन्हा बाक देण्याची पद्धत स्वस्त असली, तरी तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते. ते शास्त्रशुद्ध रीतीने पुन्हा चढवले नाही, तर पाटा लवकर बसतो किंवा तुटतो.

दुसरा लोकप्रिय उपाय जास्तीचा पाटा घालण्याचा. त्याने गाडी बसत नाही हे खरे. पण चासी, आस आणि ब्रेक यांची क्षमता तसूभरही वाढत नाही. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. तो आस आणि चासी यांमधील अंतरावरून भार ओळखतो. पाटा वाढवल्यावर भरलेली गाडीही पुरेशी खाली बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी मिळतो. म्हणजे अधिक भार आणि कमी ब्रेक, तेही उतारावर. शिवाय मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे.

पुढच्या बाजूचा निर्णय त्या मानाने सोपा, कारण तेथे थांबण्यास वावच नाही. चाक जॅकवर उचलून, खाली भक्कम ठोकळे लावून, ते वरून व खालून धरून हलवावे. खडखड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवण्यास सांगावे. ढिलाई नाहीशी झाली तर दोष बहुधा बेअरिंगचा. कायम राहिली तर बॉल जॉइंट किंवा, जुन्या धाटणीच्या गाडीत, किंगपिनचा. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलले, तर टाय रॉडची टोके तपासावीत. बॉल जॉइंट निखळल्यास चाकच आडवे होते. रबरी बुशचे तसे नाही. फुगलेल्या, चिरलेल्या बुशने आवाज येतो, टायर खातात, पण सहसा काही आठवडे सवड मिळते. मात्र बॉल जॉइंटसाठी तोच भाग उघडला जाणार असेल, तर बुशही त्याच वेळी घालणे शहाणपणाचे. मजुरी एकदाच पडते आणि गाडीचा धंदाही एकदाच बुडतो.

पाहणीची योग्य वेळ मेअखेरची, आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास. जुलै २०२४ मध्ये अतिवृष्टीत लवासात दरड कोसळून बंगले गाडले गेले. अशा दिवसांत घाटात गाडी नादुरुस्त झाली, तर ती ओढून आणण्यास दुसरे वाहन पोहोचेल याची शाश्वती नसते. पासिंगचा मुहूर्त पाहून काम काढणे ही आणखी एक सवय. व्यापारी वाहनास आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. झीज त्या तारखेची वाट पाहत नाही.

काम झाल्यावर दोन गोष्टी गॅरेजमधून निघण्यापूर्वी विचाराव्यात. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळले का? चाके लोंबकळत असताना आवळले, तर रबर कायमचे पिळले जाते आणि नवे बुश लवकर फाटते. आणि पाटे बसवताना यू-बोल्ट नवे घातले का? तेही पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावे लागतात. पुढचे काम झाले असेल तर व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे, नाहीतर टायरचा खर्च पाठोपाठ येतो.