डबल चित्र दिसलं की मोजपट्टी घ्या

"सिग्नल आणि नॉइज कुठून वाचायला सुरुवात करू?" असं पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. पुस्तकं नंतर बघू. आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, जुना टीव्ही कसा लावायचे?

आमच्या शुक्रवार पेठेत एक जण गच्चीवर अँटेनाचा पाइप धरून फिरवायचा आणि खालून दुसरा ओरडायचा, "आलं, आलं... गेलं की बे!" हे मी काकांकडून ऐकलंय, माझ्या वाट्याला थेट केबल आली. पण काका पडदा बघून दोष कुठे आहे ते सांगायचे, आणि ते अंदाजपंचे नव्हतं. मुंग्या दिसल्या तर सिग्नल कमकुवत. चित्र वर-खाली पळायला लागलं तर व्हर्टिकल होल्डचं बटण. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ६२५ रेषांचं चित्र सेकंदाला २५ वेळा, दोन-दोन हप्त्यांत यायचं. त्या ५० हप्त्यांच्या ठोक्याशी टीव्हीचा स्वतःचा ठोका जुळला नाही की चित्र पळणारच.

मला सगळ्यात आवडतं ते डबल चित्र. एखाद्या उंच इमारतीवर आपटून आलेली लहर थोडी उशिरा पोचते, म्हणून मूळ चित्राच्या उजवीकडे फिकट दुसरं चित्र उमटतं. आता मोजा. एका रेषेचा दिसणारा भाग साधारण ५२ मायक्रोसेकंदांत काढला जातो. २० इंची टीव्हीचा पडदा सुमारे ४० सेंटीमीटर रुंद. दुसरं चित्र दीड सेंटीमीटर सरकलेलं असेल, तर उशीर जवळपास २ मायक्रोसेकंद, म्हणजे लहर ६०० मीटर जास्त फिरून आली. लोक वैतागून अँटेना फिरवत होते, आणि पडद्यावर चक्क अंतर लिहिलेलं होतं!

हा प्रयोग आता करता येणार नाही. प्रसार भारतीने मार्च २०२२पर्यंत बहुतेक अॅनालॉग ट्रान्समीटर बंद केले. व्हीसीआर मात्र अजून कुठेकुठे माळ्यावर सापडतो.

आमच्याकडे आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे. आजीचं चालतं-बोलतं चित्र तेवढं एकच. डिजिटल करायला दिली, तर दुकानातून "कॅसेट गेली" म्हणून परत आली. घरी लावली तेव्हा चित्रावर मुंग्यांचा जाड आडवा पट्टा, पण आजीचा उखाणा स्वच्छ ऐकू येत होता. इथे थांबून विचार करा. व्हीएचएसमध्ये चित्र फितीवर तिरक्या पट्ट्यांत असतं आणि फिरत्या ड्रमवरची हेडं ते वाचतात. साधा आवाज फितीच्या एका कडेला सरळ नोंदलेला असतो, त्याचं हेड स्थिर. दुसऱ्या कडेला कंट्रोल ट्रॅकचे ठोके असतात, हेड नेमकं पट्टीवर यावं म्हणून. आवाज ठीक, चित्र बिघडलेलं, म्हणजे पहिला संशय ट्रॅकिंगवर. रेकॉर्डिंग एका मशीनवर झालेलं आणि बघताय दुसऱ्यावर, तर हा फरक पडतोच.

बाकी कशालाही हात न लावता ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवलं. पट्टा खाली सरकत गेला आणि आजी दिसली.

आवाजही डळमळत असता, तर मी फितीवरच संशय घेतला असता. आणि तुमच्या घरच्या कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल, तर ती लावूच नका. आधी साफ करून घ्या. नाहीतर तीच बुरशी हेडांवर बसते आणि पुढची कॅसेटही धोक्यात येते.