लाकडापासून वस्त्रापर्यंत

बेळगाव-निपाणी परिसरात सणासुदीला इरकली लुगडे आवर्जून नेसले जाते. त्याचे अंग सुती असले, तरी पदर व काठ अस्सल किंवा कृत्रिम रेशमाचे असतात. हे कृत्रिम रेशीम, म्हणजेच रेयॉन, किड्याच्या कोशातून नव्हे, तर झाडाच्या लाकडातून निघते, याची अनेकांना कल्पना नसते.

वनस्पतींच्या पेशींत सेल्युलोज हे तंतुमय द्रव्य असते. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच. लाकडात त्याचे प्रमाण सुमारे निम्मे असते. इतर द्रव्ये काढून टाकली म्हणजे शुभ्र लगदा उरतो. निलगिरीच्या लाकडापासून असा लगदा करणारा कारखाना हरिहरजवळ तुंगभद्रेकाठी १९७२ साली सुरू झाला.

हा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून पिळतात व त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करतात. मिळालेला नारिंगी चुरा सौम्य सोड्यात विरघळविला की मधासारखे दाट द्रावण बनते. हेच व्हिस्कोस. ही रीत इंग्लंडमध्ये १८९२ साली शोधण्यात आली. अतिसूक्ष्म छिद्रांतून हे द्रावण सल्फ्युरिक आम्लात सोडताच त्याचे तंतू होतात. अखंड तंतू रेशमासारखा चकाकतो. त्याचे तुकडे केल्यास कापसाप्रमाणे सूत कातता येते. मूळ द्रव्य निसर्गाचे आणि घडण कारखान्यातील, म्हणून यास अर्धकृत्रिम तंतू म्हणतात.

रेयॉन घाम टिपतो व रंगही चांगला धरतो. मात्र ओला असताना त्याची ताकद बरीच घटते. म्हणून असे कापड धुताना आपटू अथवा जोराने पिळू नये. रेशमाच्या भावाने रेयॉन गळ्यात पडू नये यासाठी पदराचा एखादा सुटा धागा जाळून पाहावा. रेयॉन कागदासारखा जळतो, रेशमाला केस जळाल्याचा वास येतो, तर पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गोळी होते.

या वस्त्रामागे आणखीही एक हिशेब आहे. कार्बन डायसल्फाइडची वाफ कामगारांच्या मज्जासंस्थेस अपायकारक असते, तर लाकडासाठी जमीन लागते. आजच्या हावेरी जिल्ह्यातील कुसनूर येथे १४ नोव्हेंबर १९८७ रोजी ग्रामस्थांनी सामाईक जमिनीवरील निलगिरीची रोपे उपटून त्या जागी गावाच्या उपयोगाची झाडे लावली. ती लागवड करणारी कंपनी १९९१ साली बंद झाली. लायोसेल या नव्या तंतूच्या निर्मितीत कार्बन डायसल्फाइड लागत नाही व द्रावक जवळजवळ संपूर्ण परत मिळविता येतो. तथापि त्यासही लगदा लागतोच. म्हणून कारखान्यास लाकूड पुरविताना गावाचे गायरान व सरपण यांचा विचार प्रथम होणे अगत्याचे आहे.