मूळ प्रतीचा शोध : लेखांक सहावा — ‘नेपोलियन’ आणि त्याचा शाळकरी संशोधक

मागील लेखांकात नायट्रेटच्या फितीचा ज्वालाग्राही स्वभाव आणि त्यापायी मूकपटांच्या युगाची झालेली अपरिमित हानी यांचा विचार आपण केला. आग, दमट हवा आणि मालकांची हयगय हे चित्रपटांचे उघड शत्रू होत. परंतु ज्याची मोडतोड वितरकांनी व्यापारापोटी आणि खुद्द दिग्दर्शकाने अगतिकतेपोटी केली, आणि तरीही जो आज पुनश्च पाहावयास मिळतो तो प्रामुख्याने एका चाहत्याच्या चिकाटीमुळे, अशा एका चित्रपटाची हकीकत या लेखांकात सांगावयाची आहे. तो चित्रपट म्हणजे फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्स यांचा ‘नेपोलियन’. आणि तो चाहता म्हणजे केव्हिन ब्राउनलो हे इंग्रज गृहस्थ, जे या नादी लागले तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे होते.

गान्स यांनी नेपोलियनच्या चरित्रावर सहा चित्रपटांची मालिका योजिली होती. तीपैकी पहिला भाग काय तो त्यांच्या हातून त्या योजनेप्रमाणे सिद्धीस गेला. ब्रिएन येथील लष्करी शाळेतील मुलांच्या बर्फाच्या गोळ्यांच्या लढाईपासून १७९६ सालच्या इटलीवरील स्वारीच्या आरंभापर्यंतचा कथाभाग त्यात आहे. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवून नटांनी त्याच्यापुढे वावरावे, ही त्या काळची सर्वसाधारण रीत गान्स यांनी झुगारून दिली आणि तो कॅमेरा कधी घसरगाडीवर, कधी धावत्या घोड्याच्या पाठीवर, तर कधी लंबकाप्रमाणे झुलणाऱ्या चौकटीवर बसविला. क्रांतिकारकांच्या प्रतिनिधिसभेतील गदारोळ आणि तिरंगी निशाणाचे शीड करून वादळी समुद्रातून एकाकी निघालेला तरुण बोनापार्ट, ही दोन दृश्ये त्यांनी अशी एकात एक गुंफली की सभेतील जनसमुदायही समुद्राप्रमाणेच वरखाली हेलकावे खाऊ लागतो. शेवटच्या प्रकरणात तर तीन प्रक्षेपकांनी तीन पडद्यांवर शेजारीशेजारी चित्रे टाकून सबंध सैन्य एका विशाल पटावर उभे केले, आणि अखेरीस ते तिन्ही पडदे निळ्या, पांढऱ्या व तांबड्या रंगांनी उजळून त्यांचाच फ्रान्सचा ध्वज झाला. ७ एप्रिल १९२७ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात, आर्थर ओनेगेर यांच्या संगीतासह, या चित्रपटाचा पहिला खेळ झाला.

येथूनच त्याच्या दुर्दशेस प्रारंभ झाला. ऑपेरागृहात दाखविलेली आवृत्ती सुमारे चार तासांची होती. पुढच्याच महिन्यात अपोलो नाट्यगृहात निमंत्रितांना निरनिराळ्या बैठकींत जी दाखविली ती सुमारे साडेनऊ तासांची, पण तीन पडद्यांची दृश्ये वगळलेली होती. त्यानंतर ज्या देशात हा चित्रपट गेला तेथील वितरकाने आपापल्या सोयीने त्यास कात्री लावली. अमेरिकेत तर मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीने तीन पडद्यांचे प्रकरण गाळून त्याचा दोन तासांच्या आत बसणारा सारांश प्रेक्षकांपुढे ठेवला. याच सुमारास बोलपटाचे आगमन झाले आणि मूकपटाची बाजारातील किंमतच संपली. मग गान्स यांनी स्वतःच १९३५ साली आपल्या जुन्या दृश्यांवर संवाद चढवून त्यांचा बोलपट केला, आणि १९७१ साली पुन्हा एकदा जुन्यानव्याचा मेळ घालून तिसरेच रूप सिद्ध केले. मूकपटाच्या चित्रणावेळी त्यांनी नटांकडून खरोखरीचे संवाद बोलून घेतले होते म्हणूनच मागाहून ओठांशी आवाज जुळविता आला, ही त्यांच्या दूरदृष्टीची साक्ष खरी. पण प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी जुनी फीतच कापली जात होती, आणि १९२७ साली प्रेक्षकांनी काय पाहिले याचा पुरावा अशा रीतीने कर्त्याच्याच हातून नाहीसा होत चालला होता.

अशा स्थितीत १९५४ साली इंग्लंडातील एका शाळकरी मुलाने घरी दाखविण्यासाठी एक मूकपट मागविला. तो होता झाँ एपस्टाईन या दिग्दर्शकाचा. मुलाला तो मुळीच रुचला नाही, म्हणून परत करून त्याऐवजी दुसरे काही असल्यास द्यावे असे त्याने कळविले, आणि बदली म्हणून त्याच्या हाती ‘नेपोलियन’ची दोन रिळे आली. ही रिळे साडेनऊ मिलिमीटर रुंदीच्या फितीची होती. पाते या फ्रेंच कंपनीने १९२२ साली घरगुती वापरासाठी ही फीत बाजारात आणली होती. चित्रपटगृहातील फितीला दोन्ही कडांशी छिद्रांच्या रांगा असतात. हिला मात्र दोन चित्रांच्या मधोमध एकच छिद्र असे, त्यामुळे कडेची जागा वाचून बोटाएवढ्या रुंदीच्या त्या पट्टीवरही चित्र ऐसपैस उमटे. शिवाय ती सहजासहजी पेट न घेणाऱ्या द्रव्याची होती. धंदेवाल्या मंडळींनी जिला खेळणे म्हणून हिणविले, त्या फितीने कित्येक मूकपटांचे अंश मध्यमवर्गीय घरांच्या कपाटांतून सुखरूप पार केले, तेही मोठमोठ्या कंपन्यांच्या कोठारांत त्यांची मूळ रिळे कुजत अथवा जळत असताना. ही गोष्ट जतनाच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

त्या दोन रिळांनी ब्राउनलो झपाटले गेले. एवढ्या तुटक अंशात जर इतके सामर्थ्य असेल, तर संपूर्ण चित्रपट कसा असेल, या एका प्रश्नाने त्यांना जाहिराती देण्यास, विक्रेत्यांच्या याद्या चाळण्यास आणि अन्य छंदिष्टांकडून एकेक रीळ मिळविण्यास प्रवृत्त केले. गान्स लंडनला आल्याचे कळताच ब्राउनलो यांना शाळेतून बोलावून घेण्यात आले आणि ज्या दिग्दर्शकाला बहुतेक जगाने विस्मृतीत टाकले होते त्याच्यापुढे हा मुलगा उभा राहिला. पुढे ब्राउनलो स्वतः चित्रपटकार व मूकपटांचे इतिहासकार झाले; १९६८ साली त्यांनी गान्स यांच्यावर एक माहितीपट केला, आणि १९६९ च्या सुमारास ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या साह्याने ‘नेपोलियन’च्या पुनर्रचनेचे काम पद्धतशीरपणे हाती घेतले.

हे काम नेमके कसे चालते, ते थोडे जवळून पाहू. ब्रसेल्सच्या संग्रहालयाचे प्रमुख झाक लेदू यांच्या मध्यस्थीने निरनिराळ्या देशांतील चित्रपट-संग्रहांकडे विचारणा झाली आणि तेथून ‘नेपोलियन’चे निरनिराळे अवशेष येऊ लागले. कोणाची प्रत अपुरी, कोणाची ओरखड्यांनी भरलेली, कोणाचा क्रमच उलटसुलट. पॅरिसच्या ‘सिनेमातेक’ या चित्रपट-संग्रहालयात मारी एपस्टाईन यांनी (ब्राउनलो यांनी परत धाडलेल्या त्या पहिल्या मूकपटाच्या दिग्दर्शकाची ही बहीण) आधीच बरेच जुळणीचे काम केले होते, त्याचाही आधार मिळाला. मग प्रत्येक दृश्याची दुसऱ्या प्रतीतील त्याच दृश्याशी रुजुवात घालावयाची. १९२७ साली पुस्तकरूपाने छापलेल्या पटकथेशी त्याचा ताळा पाहावयाचा. आणि जेथे विसंगती दिसेल तेथे फितीलाच प्रश्न विचारावयाचे. फीतही उत्तर देते. तिच्या कडेवर कोडॅक कंपनी वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी बारीक चिन्हे छापीत असे आणि ही चिन्हे वर्षागणिक बदलत, त्यावरून ती फीत कोणत्या साली तयार झाली याचा अंदाज बांधता येतो. सांधा कोठे आहे, तो कारखान्यात केलेला की मागाहून कोण्या प्रक्षेपकवाल्याने घाईने चिकटविलेला, हेही जाणत्या डोळ्यास कळते. त्या काळी एकाच प्रसंगाचे चित्रण शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन कॅमेऱ्यांनी करण्याची वहिवाट होती, त्यामुळे दोन प्रती प्रथमदर्शनी सारख्या वाटल्या तरी पात्राच्या खांद्यामागील खिडकी एकीत किंचित डावीकडे सरकलेली आढळते; मग या दोन वेगळ्या निगेटिव्हच्या प्रती होत हे ध्यानी येते, आणि त्यांची सरमिसळ न करण्याची खबरदारी घ्यावी लागते.

या परिश्रमांची पहिली जाहीर फलश्रुती १९७९ साली अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानात टेल्युराईड या डोंगराळ गावच्या महोत्सवात दिसली. उघड्या मैदानात, रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत, घोंगड्या पांघरून बसलेल्या प्रेक्षकांनी तो प्रदीर्घ मूकपट तिन्ही पडद्यांसह अखेरपर्यंत पाहिला. आणि एकोणनव्वद वर्षांच्या गान्स यांनी तो आपल्या मुक्कामाच्या हॉटेलातील खिडकीतून पाहिला. पुढील वर्षी ३० नोव्हेंबर रोजी लंडनच्या एम्पायर चित्रगृहात कार्ल डेव्हिस यांच्या नव्या संगीतासह जवळपास पाच तासांचा खेळ झाला. १९८१ च्या जानेवारीत दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या पुढाकाराने तो न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी सभागृहात झळकला. तेथे मात्र तो अधिक वेगाने चालवून व काही भाग गाळून चार तासांत बसविला होता. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला गान्स निवर्तले. ब्राउनलो थांबले नाहीत: २००० साली त्यांनी साडेपाच तासांची अधिक पूर्ण आवृत्ती लंडनमध्ये सादर केली, आणि २०१० साली अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने त्यांना मानद ऑस्कर देऊन त्यांच्या आयुष्यभराच्या सेवेचा गौरव केला.

तथापि ‘मूळ नेपोलियन कोणता’ हा प्रश्न एवढ्यानेही निकालात निघाला नाही. संशोधक जॉर्ज मुरिये यांनी सिनेमातेकतर्फे पुढे जी दीर्घ तपासणी केली तीत असे दिसून आले की ऑपेरा आणि अपोलो या दोन आवृत्ती एकाच निगेटिव्हच्या लांबआखूड प्रती नव्हत्या, तर दोन स्वतंत्र निगेटिव्हांवरून सिद्ध झाल्या होत्या, आणि पूर्वीच्या पुनर्रचनांत त्यांचे अंश एकमेकांत मिसळले गेले होते. मुरिये यांची सुमारे सात तासांची आवृत्ती २०२४ साली फ्रान्समध्ये प्रदर्शित झाली. यावरून ब्राउनलो यांचे कार्य व्यर्थ गेले असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांनी शोधून काढलेला एकेक अंश आणि केलेली एकेक नोंद यांच्या पायावरच पुढील चिकित्सा उभी आहे.

मराठी वाचकास हा प्रकार सर्वस्वी परका वाटू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या हस्तलिखित प्रती मिळवून, त्यांतील पाठभेद ताडून, तीन शतकांत शिरलेली भर दूर केली आणि यापुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या त्यात घालू नयेत असे बजावून ठेवले. नाथ हे ज्ञानदेवांचे परम भक्त. आणि ज्या भक्तीने ग्रंथावर आपलीही ओवी चढविण्याचा मोह एखाद्यास झाला असता, त्याच भक्तीने त्यांना एकही ओवी न चढविण्याचा संयम दिला. चाहत्याच्या प्रेमाची खरी कसोटी माझ्या मते हीच आहे. आपल्या आवडत्या कृतीस आपल्या रुचीप्रमाणे सजविणारे पुष्कळ मिळतात. ती होती तशी राहावी म्हणून आपली रुची बाजूस सारणारे विरळा.

मात्र नाथांपुढे नसलेली एक अडचण ब्राउनलो यांच्यापुढे होती. ज्ञानदेवांनी स्वतःच्या ग्रंथाची मोडतोड केली नव्हती. गान्स यांनी केली होती. कर्त्याला स्वतःची कृती बदलण्याची मुभा आहे, हे निर्विवाद. परंतु पूर्वीची आवृत्ती नष्ट करण्याचाही अधिकार त्या मुभेत अंतर्भूत होतो काय? माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. चित्रपट एकदा प्रेक्षकांपुढे आला की तो त्यांच्या स्मृतीचा आणि त्या काळाच्या इतिहासाचा भाग होतो, आणि इतिहासाच्या दस्तऐवजात खाडाखोड करण्याची सनद कोणासही नाही, प्रत्यक्ष लेखनिकासही नाही. नवी आवृत्ती त्याने खुशाल काढावी. जुनीची अस्सल बरहुकूम नक्कल मात्र दफ्तरी दाखल असलीच पाहिजे. आणि मालक व कर्ता दोघेही याबाबत उदासीन असतील तर ते कर्तव्य पार पाडण्यासाठी चाहत्याखेरीज कोणीही उरत नाही.

आपल्या घरचा दाखला फार दूर नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. सुमारे ३,७०० फूट लांबीच्या त्या चित्रपटाचा म्हणून जो पहिला व शेवटचा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेला आहे, तो वस्तुतः फाळके यांनीच १९१७ साली नव्याने केलेल्या आवृत्तीचा असावा, असे काही अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या मुळारंभाशीच पाठभेदाचा प्रश्न उभा आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाला नावारूपास आणणारे पी. के. नायर हेही मुळात चाहतेच. लहानपणी चित्रपटांची तिकिटे जपून ठेवणाऱ्या या गृहस्थांनी मोठेपणी देशभर हिंडून रिळे जमविली. त्यांनी जे वाचविले त्याची आज आपण चिकित्सा तरी करू शकतो. जे कोणीच वाचविले नाही त्याविषयी वादासही जागा उरलेली नाही.

असे कार्य केवळ संग्रहालयांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. जुन्या मराठी चित्रपटांच्या खेळाबरोबर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, जाहिरातींची हस्तपत्रके, गावोगावच्या तंबूतील प्रदर्शकांच्या हिशेबाच्या वह्या, या वस्तू आजही अनेक घरांत माळ्यावर पडून आहेत. पुस्तिकेत कथासार असते, पात्रांची नावे असतात आणि गाणी ओळीने दिलेली असतात. एखादे गाणे आज उपलब्ध असलेल्या प्रतीत नसेल, तर ते कापले गेले असावे असा संशय प्रथम त्या पुस्तिकेवरूनच घेता येतो, आणि मग शोधास दिशा मिळते. तेव्हा घर आवरताना असे कागद रद्दीत देण्यापूर्वी वाचकांनी ते एकवार नजरेखालून घालावे, त्यांवर साल व गावाचे नाव टिपून ठेवावे आणि जवळच्या ग्रंथालयाच्या अथवा संग्रहालयाच्या हवाली करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पुढील लेखांकात अगदी अलीकडच्या काळात येऊ: १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’मध्ये त्याच्या कर्त्याने १९९७ साली फेरफार केल्यानंतर, चित्रपटगृहात दाखविलेल्या जुन्या प्रिंट मिळवून पहिली आवृत्ती पुन्हा उभी करणाऱ्या चाहत्यांचा, आणि त्यांच्या कामातून उद्भवलेल्या कायद्याच्या प्रश्नांचा, त्यात परामर्श घेतला जाईल.