पार्किन्सन्समध्ये वजन का बघायचं?

पार्किन्सन्स म्हटलं की आपल्याला आठवतो थरथरणारा हात. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, त्याच्या नावातही थरथर होतीच. पण आज आपण बोलणार आहोत वजनकाट्याबद्दल.

घरातले आजोबा बारीक झाले, की आपण म्हणतो, "वा, पोट कमी झालं!" पार्किन्सन्स असेल तर मात्र जरा थांबा.

या आजारात वजन का उतरतं? वास येईनासा होतो, मग फोडणीचा घमघमाटही भूक चाळवत नाही. घास गिळायला त्रास होतो. हात हळू चालतो, ताट अर्धं राहतं. बद्धकोष्ठता, उदास मन, गोळ्यांमुळे होणारी मळमळ, हे सगळं वर. शिवाय शरीर सतत हलत असेल तर ऊर्जाही जास्त खर्च होते.

आता मेंदूकडे येऊ. २०२३ साली 'न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात एक अभ्यास आला. नुकतंच निदान झालेल्या ३५८ रुग्णांचं पहिल्या वर्षातलं वजन पाहिलं आणि पुढे ८ वर्षांपर्यंत विचारशक्तीच्या चाचण्या घेतल्या. ज्यांचं वजन ३ टक्क्यांहून जास्त घटलं, त्यांची विचारशक्ती इतरांपेक्षा लवकर ओसरत गेली. ३ टक्के म्हणजे किती? ६० किलोच्या माणसाचे फक्त १ किलो ८०० ग्रॅम! नुसतं बघून कळणारही नाही.

पण घाईने निष्कर्ष नको. वजन घटलं म्हणून विचारशक्ती घटली, असं यातून सिद्ध होत नाही. कदाचित एकच आजार दोन्हीकडे घाव घालत असेल. त्यामुळे तूप-साखरेचा मारा हा काही उपाय नव्हे. वजन ही फक्त एक सूचना आहे, आणि ती घरबसल्या मिळते.

मग करायचं काय? महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, वजन करून मोबाईलमध्ये लिहून ठेवा. घटत असेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. गिळण्याची तपासणी होऊ शकते, आहारतज्ज्ञांची मदत मिळते.

अजून एक. डाळ-अंड्यातल्या प्रथिनांमुळे लेव्होडोपाची गोळी काहींना कमी लागू पडते. म्हणून परस्पर डाळ बंद करू नका, गोळी आणि जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा.

आजोबांचा हात तर तुम्ही धरताच. आता काट्यावर चढतानाही धरा. भेटू पुढच्या भागात!