गंगाखेड

गंगाखेड हे महाराष्ट्राच्या परभणी जिल्ह्यातील गोदावरी नदीच्या दक्षिण तीरावर वसलेले शहर व तालुक्याचे ठिकाण आहे. मराठवाड्यात गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात. गंगेकाठचे खेडे ते गंगाखेड, अशी या नावाची सोपी फोड सांगितली जाते. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून हे गाव वारकरी संप्रदायात प्रसिद्ध असून भाविक त्याला ‘दक्षिण काशी’ असेही म्हणतात.

स्थान व इतिहास

गंगाखेड परभणीच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, परभणी–परळी लोहमार्गावर आहे. परिसराची जमीन काळी व कसदार असून रब्बी ज्वारी हे येथील जुने पीक आहे. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

संत जनाबाई

परंपरेनुसार जनाबाईंचा जन्म तेराव्या शतकात येथील दमा व करुंड या दांपत्याच्या पोटी झाला. लहानपणीच त्या पंढरपुरास संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामास राहिल्या आणि पुढे स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवू लागल्या. त्यांच्या नावावरील सुमारे साडेतीनशे अभंग नामदेवांच्या गाथेत छापलेले आढळतात. त्यांपैकी काहींच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या वेचणे ही कामे या अभंगांत उपमेपुरती येत नाहीत. विठ्ठल तेथेच येऊन कामाला हात लावतो. त्यामुळे जात्यावर बसणाऱ्या बाईला जनाबाई आपली वाटली आणि ओव्यांतून तिचे नाव टिकून राहिले. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या ओवीसंग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या असून त्यांत परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील ओव्यांचाही समावेश आहे. विजेच्या गिरण्या आल्यावर घरातले जाते थांबले. त्याबरोबर ओवी म्हणण्याचा रोजचा प्रसंगही संपला.

नदी व घाट

गावात जनाबाईंचे मंदिर असून नदीकाठी घाट आहेत. आसपासच्या गावांतील लोक स्नान, दशक्रिया व अस्थिविसर्जन यांसाठी येथे येतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना येथे मुक्काम करते.

या विधींना वाहते पाणी लागते. परंतु नदीचे वाहणे आता केवळ पावसावर अवलंबून नाही. वरच्या बाजूस पैठण येथे १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाले. त्यानंतर जिल्ह्यात ढालेगाव, मुद्गल, डिग्रस आदी ठिकाणी बंधारे उभारले गेले. पावसाळ्याच्या अखेरीस दारे बंद करून पात्रातच पाणी अडवले जाते. त्यामुळे शेतीला आधार मिळतो, मात्र उन्हाळ्यात पात्राचे काही भाग कोरडे पडतात आणि घाटावर साचलेले पाणीच उरते.

जर्मनीतील पासाऊ हे डॅन्यूब, इन व इल्झ या नद्यांच्या संगमावरील जुने शहर तुलनेसाठी घेता येईल. तेथे डॅन्यूबवरील बंधाऱ्यांना बोटी वर-खाली नेणारी दालने जोडलेली असल्याने हिवाळ्यातही प्रवासी जहाजे शहरापर्यंत येतात. गोदावरीवरील बंधारे सिंचन व पाणीपुरवठा यांसाठी बांधलेले आहेत. येथे यात्रेकरू रेल्वेने किंवा रस्त्यानेच येतो.

भेटीचा काळ

हिवाळा हा भेटीस सोयीचा काळ होय. परभणी परिसरात या दिवसांत रात्रीचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सियसच्या खाली उतरते, शेतांत ज्वारी निसवलेली असते आणि पात्रात अडवलेले पाणी दिसते. सुमारे ३० किलोमीटरवर बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ हे क्षेत्र आहे. पाथरी तालुक्यात मुद्गल येथे गोदावरीच्या पात्रात मुद्गलेश्वराचे जुने मंदिर असून ते पुराच्या वेळी पाण्याने वेढले जाते.