ट्रॅक्टरखाली काळा डाग दिसतोय? पाना उचलायच्या आधी गळती नेमकी कुठून ते शोधा

ढोकी : गळीत हंगाम तोंडावर आला की तेरणा कारखान्याच्या या गावात गॅरेजसमोर ट्रॅक्टर उभे राहायला लागतात. कुणाला टायर बघायचे असतात, कुणाला ट्रॉलीचा हुक. इंजिनाखाली पडणाऱ्या काळ्या थेंबांकडे मात्र बहुतेक जण काणाडोळा करतात. 'जुनं इंजिन आहे, थोडं गळणारच' असं म्हणायचं आणि डिकीत ऑइलचा एक डबा टाकून द्यायचा, ही आपल्याकडची रीत.

हिशेब करून बघा. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाला दीडशे ते दोनशे मिली ऑइल जातं. साधारण ट्रॅक्टरच्या चेंबरमध्ये सहा ते आठ लिटर ऑइल असतं. दोन ट्रॉल्या ऊस लादून दिवसरात्र फेऱ्या मारणाऱ्या गाडीला पातळी खाली यायला किती वेळ लागेल? ऑइल कमी पडलं की आधी बेअरिंग जातं, मग क्रँक. हंगामात गाडी उभी राहिली तर दुरुस्तीचा खर्च वेगळाच, पण उचल घेऊन आलेली तोडणी टोळी बसून राहते, तोडलेला ऊस फडात वाळतो आणि वजन घटतं. बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

म्हणून गळतीचा शोध हंगामाआधी, निवांत घ्यावा. त्यासाठी फार काही लागत नाही. एक ब्रश, थोडं डिझेल, फडकी, बॅटरी आणि जुना पुठ्ठा एवढं बस्स.

पहिलं काम पुठ्ठ्याचं. रात्री गाडी सपाट जागेवर लावून इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत खाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग वाचता येतात. काळं आणि बोटाला चिकट लागणारं ते इंजिन ऑइल. पिवळसर-तांबूस, जरा दाट आणि उग्र वासाचं ते गिअर किंवा हायड्रॉलिकचं. पातळ, पटकन पसरणारं आणि वासावरून लगेच कळणारं ते डिझेल. हिरवट किंवा गुलाबी असेल तर रेडिएटरचं कूलंट. इंजिन ऑइलची गळती समजून पॅकिंग बदललं आणि गळत होता डिझेलचा पाइप, असं सर्रास होतं. डाग पुठ्ठ्यावर कुठे पडला तेही लक्षात ठेवा. पण थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते, असं मात्र समजू नका. ऑइल वरून खाली ओघळतं आणि फॅनच्या वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे ओलं दिसणाऱ्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची असते.

ती जागा मळकट इंजिनावर दिसत नाही. धूळ, पाचट आणि ऑइल मिळून इंजिनावर बोटभर जाड थर बसलेला असतो. इंजिन थंड असताना ब्रश आणि डिझेलने तो काढा, पुसून कोरडं करा. अल्टरनेटर, सेल्फ आणि एअर क्लीनरच्या तोंडावर प्लास्टिक बांधा, तिथे पाण्याचा फवारा नको. सुकल्यावर संशय असलेल्या जोडांवर अंगाला लावायची पावडर पातळ भुरभुरा. प्लास्टिक काढून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा, बंद करा आणि बॅटरी मारून बघा. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उठलेली दिसते. तिचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. नाहीच दिसलं तर अर्धा दिवस शेतात काम करून पुन्हा बघा, काही गळत्या इंजिन तापून ओझं आल्यावरच सुरू होतात.

इंजिन चालू असताना उपरणं, सैल बाही फॅन-बेल्टजवळ न्यायची नाही. आणि डिझेलच्या प्रेशर पाइपची गळती बोट फिरवून कधीच शोधू नका. नोझलकडे जाणाऱ्या पाइपातली बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. शोध पुठ्ठ्याचा तुकडा धरून घ्यायचा.

आता नेहमीच्या जागा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन गळणं सगळ्यात जास्त आढळतं आणि ते सगळ्यात स्वस्त. इथे लोक बोल्ट आवळत सुटतात. पत्र्याचं कव्हर वाकतं आणि गळती वाढते. पॅकिंग बदला आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत घट्ट करा. ऑइल प्रेशर स्विचची वायर काढून बघा, टोपीच्या आत ऑइल असेल तर स्विचच बदलायचा. ऑइल फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा होतात आणि सुरू करताच ऑइलची धार लागते. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइल लावा आणि रबर टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा द्या, पान्याने आवळू नका. ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर दरवेळी नवा घाला.

चेंबरचं पॅकिंग बदलताना बोल्टच्या भोकांजवळ पत्रा वर ओढला गेला आहे का ते बघा, हातोडीने सपाट करा, मग पॅकिंग लावा. आणि बॉन्ड! आपल्याकडे प्रत्येक रोगावर तेच औषध. जाड थर दिला की बाहेर आलेला दिसतो, तसाच तो आतही शिरतो. त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि गळती थांबवायला गेलेला माणूस इंजिन जाम करून बसतो.

पण एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून गळत असेल तर पॅकिंगला दोष देऊ नका. आधी ब्रीदरचा पाइप बघा. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली येतो, त्याची बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर. तो माती-चिखलाने किंवा गांधीलमाशीच्या घराने बुजला की आतला दाब ऑइलला मिळेल त्या सीलमधून बाहेर ढकलतो. पाइप साफ करा. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उलटं, नुसतं टेकवून ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उड्या मारायला लागलं आणि भसाभस धूर आला, तर रिंगा-लायनर झिजलेत. अशा इंजिनात कितीही सील बदला, चार दिवसांत पुन्हा तेच.

विहिरीवरच्या जुन्या इंजिनांना हाच नियम लागू आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात पुण्यात १९४६ साली झाली. तिथली, तसंच राजकोटकडची संथ फिरणारी इंजिनं अजून काही शेतांत आहेत. त्या संथ इंजिनांच्या ब्रीदरमध्ये पातळ चकती असते. ती हवा बाहेर जाऊ देते, आत येऊ देत नाही, त्यामुळे आत हलकी ओढ राहते. चकती चिकटली की क्रँकच्या दोन्ही टोकांनी ऑइल यायला लागतं. ती काढून डिझेलने धुतली की काम झालं.

सगळ्यात खर्चिक जागा म्हणजे क्रँकचं मागचं सील. इंजिन आणि क्लच हाउसिंग जुळतात तिथे खाली छोटं भोक असतं, थेंब तिथून पडतो. ऑइल काळं असेल तर क्रँकचं सील, पिवळसर असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं. दोन्हीसाठी ट्रॅक्टर मधून खोलावाच लागतो. हे लांबणीवर टाकणं परवडत नाही, कारण ऑइल क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरतो. भरलेल्या ट्रॉल्या घेऊन येडशीच्या घाटात क्लच घसरला तर काय होईल ते ड्रायव्हरला विचारा. गाडी खोललीच आहे तर फक्त सील बदलून जोडू नका. शाफ्टवर जुन्या सीलने चरा पाडलाय का ते नखाने तपासा. चरा असेल तर नवं सीलही गळेल. त्यावर पातळ स्लीव्ह बसवता येते, किंवा जागा असेल तर सील थोडं पुढे-मागे बसवता येतं. सीलच्या ओठाला ऑइल लावल्याशिवाय बसवू नका, कोरडं सील सुरुवातीलाच जळतं.

एक उलटी गोष्टही होते. गळतं, तरी गेजवर पातळी वाढलेली दिसते. गेजचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर पंपातून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, म्हणजे हेड पॅकिंग किंवा लायनरच्या रबरी रिंगा. दोन्ही वेळा इंजिन सुरू करायचं नाही.

दुरुस्तीनंतर आठ-दहा तास काम झालं की गार इंजिनावर बोल्ट एकदा तपासा आणि रात्री पुन्हा पुठ्ठा टाका. काढलेलं काळं ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका, ते मुरून विहिरीत उतरतं. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून वापरलेलं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्याला द्या.